पहिला वाटा

मैदानावर मटण विकावं की विकू नये, याचं मला तेव्हाही काही पडलेलं नव्हतं आणि आजही नाही. ज्याला खायचं त्याने खावं, ज्याला नको त्याने नाकाला रुमाल लावून पुढे जावं. पण आमच्या पाटवाडीच्या मंडळाने या एवढ्याशा प्रश्नावर बैठक घेतली, ठराव केला, टाळ्या वाजवल्या. मी त्या बैठकीत बोलले होते. पण बायका बैठकीला लागतात त्या चहा द्यायला, त्यांचं कोण ऐकतं.

आमची वाडी नाशिकला चिकटून, मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या कडेला. सगळी माळ्यांची घरं. शेवंती, झेंडू, गुलाब लावायचा आणि पहाटे फुलबाजारात नेऊन ओतायचा. पण वाडीला खरा नाद कबड्डीचा. डिसेंबरात आमचे सामने भरायचे, पार पेठपासून चांदवडपर्यंतचे संघ यायचे. मैदानाच्या कडेला विठाबाईची गाडी लागायची. विठाबाई पलीकडच्या बौद्ध कॉलनीतली. कांदा-खोबरं काळंभोर भाजून ती रस्सा करायची, आणि खिमा-पाव असा की सामना बघता बघता माणूस तिसरी ताटली कधी मागायचा ते त्याचं त्याला कळायचं नाही. अर्धी गर्दी कबड्डीसाठी येते आणि अर्धी विठाबाईसाठी, असं लोक म्हणायचे. मी म्हणते अर्धी कसली, पाऊण.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानावरच बोकड कापला जायचा. पेठ रस्त्यावरचा मुलाणी यायचा. थोडं मटण विठाबाईच्या पातेल्यात जायचं आणि बाकीच्याचे वाटे पडायचे. वाटा म्हणजे काय ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको, शहरातल्यासाठी सांगते. एका बोकडाचे सारखे ढीग करायचे. प्रत्येकात थोडी कलेजी, थोडी चरबी, थोडं हाड, कोणाला झुकतं माप नाही. आलेल्या प्रत्येक संघाला एक वाटा. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याबरोबर एकाच बोकडात वाटा घेतला, की वाकडं मिटलं. आणि एखाद्याला वाटा दिलाच नाही, तर त्याने समजून जायचं, भांडण आहे तिथेच आहे. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक असतं.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. त्यांचं नाव मल्हारी. आमच्यात नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, पण इथे सारखं ‘हे’ ‘हे’ लिहिलं तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून घेते. मल्हारी आमच्या संघाचा पकडीचा गडी. कमरेला मिठी पडली की समोर बैल असला तरी सुटायचा नाही. १९९१च्या अंतिम सामन्यात चांदवडकडच्या खडकमाथ्याचा यादव चढाईला आला. विशीचा पोरगा, किडकिडीत, हसरा. मल्हारीने त्याला कमरेत धरला, उचलला, आणि दोघे खाली आले. यादव मानेवर पडला. पकड नियमातली होती. पंचांनी तेच सांगितलं, खडकमाथ्याच्या गड्यांनीही तेच सांगितलं. यादव हॉस्पिटलात पोचायच्या आत गेला.

मुद्दाम पाडला का, असं लोक बरेच दिवस कुजबुजत राहिले. मग दोन्हीकडची जाणती माणसं बसली. यादवचा बाप खंडेराव मान खाली घालून बसला होता, आणि त्याचा धाकटा पोरगा दौलत त्याच्या मांडीला टेकून पेंगत होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर खंडेराव एवढंच म्हणाला, “मला कोर्टकचेरी नको. दर वर्सी ह्या मैदानावर, ह्याच्या हातानं, पयला वाटा मला द्यायचा. मी घेईन.”

तेव्हापासून दर डिसेंबरात खंडेराव एसटीने यायचा. कडुनिंबाखाली बसायचा. कापडी पिशवीतून स्टीलचा डबा काढून पुढे ठेवायचा. मल्हारी हात धुऊन पहिला वाटा उचलायचा आणि त्या डब्यात घालायचा. दोघांपैकी कोणी बोलायचं नाही. खंडेराव झाकण दाबून बघायचा, पिशवी उचलायचा आणि सामना न बघता निघून जायचा. त्या रात्री मल्हारी जेवायचा नाही. खेळणं तर त्याने यादवबरोबरच सोडलं होतं.

पण मला विचाराल तर, डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला की माझ्या जिवात जीव यायचा. कारण आमचा राज. बापाने नको नको म्हटलं तरी पोरगा कबड्डीतच घुसला, आणि चढाईला असा निघाला की पाय कुठे पडतो ते दिसू नये. २००२च्या डिसेंबरात खंडेराव डबा घेऊन उठला आणि पहिल्यांदाच थांबला. राज बाजूला अंग मोकळं करत होता. “ह्यो तुझा का?” त्याने मल्हारीला विचारलं. मल्हारीने मान हलवली. खंडेराव राजकडे बराच वेळ बघत राहिला. “यादवएवढा झाला की,” म्हणाला आणि गेला.

त्याच वर्षी उपांत्य सामना चालू असताना आमचे सावळीरामतात्या खिमा-पावाची ताटली हातात घेऊन खाली बसले ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक. पुढच्या वर्षी शहरातल्या एका नव्या हार्ट हॉस्पिटलचे डॉक्टर आमच्या सामन्यांना मदत करायला पुढे आले. कपडे देणार, चषक देणार, मांडव देणार. अट एकच.

“जगभर हा विचार सुरू झालाय,” डॉक्टर बैठकीत म्हणाले. “लोक मैदानावर येतात ते ताकदीचा खेळ बघायला, आणि तिथेच आपण त्यांना चरबी खायला घालतो. लाल मांस बंद करा. बोकड नको, मेंढी नको. चिकन चालेल, अंडी चालतील.”

डॉक्टर भला माणूस होता हे आधीच सांगते. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मंडळाचे सेक्रेटरी चिमाजी, माझे चुलतदीर, तर मान डोलवून डोलवून थकले. “सिंहस्थात आपण सगळ्यांनी बंद ठेवलं होतं ना? काय बिघडलं? शिवाय आता बायका-मुलं सामने बघायला येतात. बोकड कापतानाचं रक्त त्यांनी का बघायचं?”

तात्यांची बायको लंकाबाई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “मला त्यो खिम्याचा वास आता सोसत नाय. ताटली हातातच व्हती वो त्यांच्या.” तात्या दिवसाला विड्यांचं बंडल ओढायचे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मी गिळलं.

विठाबाई दारात उभी होती. “चिकन करीन की,” ती म्हणाली. “पण त्या पावाला काय वाटंल ते पावालाच इचारा.” सगळे हसले. तेवढ्यात मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, “आणि वाटे?”

“वहिनी,” चिमाजी म्हणाले, “कोंबडीचे वाटे कोण करतं?” पुन्हा हशा.

“मी खंडेरावांच्या वाट्याचं विचारते.”

आता कोणी हसलं नाही. चिमाजींनी चष्मा पुसला. “वाटा म्हणजे शेवटी मानच ना? मग चांगला मान देऊ. स्टेजवर बोलावू. शाल, श्रीफळ, पेढे. म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत कच्चं मटण कोंबून पाठवायचं, हे आता शोभत नाही. मल्हारी, तू सांग. तुझा शब्द शेवटचा.”

सगळे मल्हारीकडे बघायला लागले. मी पण बघत होते. मला वाटलं आता हा उठेल, टेबलावर हात आपटेल आणि म्हणेल, पातेल्याचं काय करायचं ते करा, पण माझा वाटा थांबवू नका. मल्हारीने हात वर केला. बंदीच्या बाजूने.

घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. “अहो, तुमची अक्कल काय गहाण पडलीय का? सगळ्यांनी हात वर केला असता तरी तुम्ही करायचा नव्हता!”

तो ओट्याला टेकून उभा राहिला. “साधना, तो डबा उघडतो ना, तवा मला त्या पोराच्या मानेचा आवाज येतो. दर वर्सी. मटण हातात घेतलं की ते गरम लागतं, आन् मला वाटतं मी त्यालाच धरलंय. डॉक्टरनी बंद केलं, बरं झालं. मला मोकळा व्हऊ दे ना आता.”

मला राग आला होता तो तसाच राहिला आणि त्याच्यात दया येऊन मिसळली, त्यामुळे धड भांडताही येईना. पण भीती हलली नाही. मोकळं कोणी कोणाला करायचं असतं? ते काय आपलं आपण हात वर करून होता येतं?

अंतिम सामन्याचा दिवस आला. मैदान झाडून स्वच्छ केलं होतं. जिथे दर वर्षी बोकड बांधायचे तिथे रांगोळी घातली होती. हॉस्पिटलचा मोठा फलक, त्यावर लाल हृदय. विठाबाई उकडलेली अंडी आणि चिकन-पाव घेऊन बसली होती. लोक घेत होते, पण उपास सोडायला केळं घ्यावं तसं. आणि त्या वर्षी नेमके समोरासमोर आले पाटवाडी आणि खडकमाथा. खडकमाथ्याचा कप्तान कोण, तर बापाच्या मांडीवर पेंगणारा तो दौलत.

खंडेराव आला. कडुनिंबाखाली बसला. पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला. त्याने इकडेतिकडे बघितलं. मुलाणी नाही, बोकड नाही, रांगोळी आहे. सामना संपेपर्यंत तो त्या उघड्या डब्यापुढे बसून राहिला. मी मल्हारीला खुणावत होते, जा, निदान जाऊन बोल. मल्हारी मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

सामना आम्ही जिंकलो. राजच्या शेवटच्या चढाईने. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला, आणि चिमाजींनी माईक हातात घेतला. “आता आमच्या मंडळाचे ज्येष्ठ हितचिंतक, खडकमाथ्याचे खंडेराव, यांचा सत्कार!” खंडेराव स्टेजवर गेला तो डबा हातात घेऊनच. त्याच्या खांद्यावर शाल पडली. हातात नारळ आला. मग पेढ्यांचा बॉक्स, सोनेरी दोरी बांधलेला.

“तोंड गोड करा, काका,” चिमाजी म्हणाले.

खंडेराव बॉक्सकडे बघत राहिला. “कशाचे?”

“म्हणजे?”

“पेढे कशाचे?”

“आपण जिंकलो ना!” चिमाजी हसून म्हणाले, आणि ते माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

ज्या मैदानावर त्याचं पोर गेलं, त्या मैदानावर, त्याच्याच गावाला हरवल्याचे पेढे. शहाण्या माणसांनी डोकं लावून एवढं अचूक दुखवायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. खंडेरावने रिकाम्या डब्याला झाकण लावलं. दाबून बघितलं. त्या दिवशी तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला नाही. स्टेजवरून उतरताना तो राजपुढे थांबला, त्याच्या खांद्यावरचा गुलाल बोटाने पुसला, बघितला आणि पोरांना घेऊन निघून गेला.

मी मल्हारीच्या मागे लागले. बोकड घ्या, खडकमाथ्याला जा, पाय धरा, वाटा द्या. तो म्हणायचा जातो. उद्या जातो, परवा जातो. मग लग्नसराईची फुलं तोडायला आली. म्हटलं मीच जाते, तर म्हणाला, “तुझ्या हातचा चालनार हाय का? माझ्याच हातचा लागतो.” ते खरंच होतं. आणि त्याचे हात काही उठत नव्हते. तिकडून काहीच आलं नाही, ना निरोप, ना शिवी. चिमाजी म्हणाले, “बघा वहिनी, शाल घेऊन म्हातारा खूश आहे. तुम्ही उगाच.” मला तो शांतपणाच नको होता. एखादा दगड येऊन पत्र्यावर पडला असता तर मला झोप लागली असती.

जानेवारीच्या शेवटी चिमाजींच्या घरी फोन आला. माघी पौर्णिमेला खडकमाथ्याला खंडोबाची जत्रा, जत्रेत कबड्डी. पाटवाडीने यावंच. फोनवर स्वतः खंडेराव होता. “राजला आना,” तो म्हणाला, “आमच्याकडं पन बघू दे लोकांना.”

मी राजला म्हटलं, तू जायचं नाहीस. अठरा वर्षांचं पोर, ते काय ऐकतं. “आई, कप्तान घरी बसला तर लोक म्हणतील घाबरला. आणि आपल्याकडे मटण बंद केलंत ना तुम्ही लोकांनी? तिकडे तरी वाटा मिळेल. मी तर त्यासाठीच चाललोय.” त्याला मटण जीव की प्राण. शेवटी मी म्हटलं, मग मीही येते. मल्हारीही आला. मुलगा निघाला म्हटल्यावर त्यालाही घरी बसवेना.

जीप महामार्गाने निघाली. पिंपळगावला द्राक्षांच्या टेम्पोंची रांग लागली होती, पोरं गाणी म्हणत होती. चांदवडच्या अलीकडे वळलो आणि खडकमाथा आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. जत्रा भरली होती. आमच्याकडे मैदान स्वच्छ केलं होतं, इथे सगळीकडे मटणच मटण. चुली पेटलेल्या, पातेली उकळतायत, बोकडांची मुंडकी एका बाजूला ओळीने ठेवलेली. भंडारा आणि धूर यांनी डोळे चुरचुरत होते.

खंडेराव सामोरा आला. “या,” म्हणाला. हसला नाही, रागावलाही नाही. पंचांच्या टेबलावर पेढ्यांचा तो बॉक्स ठेवला होता. सोनेरी दोरी अजून तशीच.

“काका, फोडले नाहीत?” चिमाजींनी विचारलं.

“कारन लागतं ना तोंड गोड करायला,” खंडेराव म्हणाला. “आज बघू.”

चिमाजी हसले. त्यांना त्यात खेळीमेळी दिसली. मला दिसली नाही.

खंडेरावची बायको नवसाबाई पाण्याची घागर घेऊन आली. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. इतकी वर्षं डबा कुठे जातो, तो कोण उघडतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. तिने सगळ्या पोरांना पाणी दिलं. राजपुढे आल्यावर तांब्या भरून हातात दिला आणि तो पिईपर्यंत उभी राहिली. “जेवलास का रे?” तिने विचारलं. राज म्हणाला, “सामना झाल्यावर जेवेन, काकू.” तिने मान फिरवली आणि लगबगीने घरात गेली.

मी वाटे शोधत निघाले. बाभळीखाली तरटावर ते मांडलेले होते. जितके संघ तितके वाटे असायला हवेत. मी एकदा मोजले, पुन्हा मोजले. एक कमी होता.

“पाटवाडीचा कुठला?” मी तिथल्या मुलाण्याला विचारलं.

त्याने सुरी पुसली. माझ्याकडे बघितलं नाही. “मला सांगितलं तसं केलं, ताई.”

मी पळत मल्हारीकडे गेले. वाटा नाही म्हटल्यावर तो आधी राजकडे धावला. राज पायाला पट्टी बांधत होता. “राज, चल. आत्ताच्या आत्ता घरी चल.”

“का?”

“आपला वाटा ठेवला नाय.”

राज हसायलाच लागला. “पप्पा, मटणासाठी मॅच सोडू?” आजूबाजूची पोरंही हसली. शिट्टी झाली आणि तो आत गेला.

मग मल्हारी खंडेरावकडे गेला. इतक्या लोकांत त्याने त्याचे पाय धरले. “काका, माझं चुकलं. हात मी वर केला व्हता. मला काय करायचं ते करा.”

खंडेराव म्हणाला, “सर बाजूला. सामना बघू दे.”

सामना रंगला होता. राजला कोणी हात लावू शकत नव्हतं. प्रत्येक चढाईला लोक ओरडायचे, शत्रूचं गाव असून ओरडायचे, इतका तो देखणा खेळत होता. मला वेड्यासारखं वाटायला लागलं की काही होणार नाही. माणसं भली असतात. मी उगाच भिते.

मग तो पुन्हा आत गेला. कबड्डी, कबड्डी. दौलत कोपऱ्यातून आला आणि त्याने राजला कमरेत धरलं. ती मिठी मी ओळखली. मल्हारीची मिठी होती ती, बोट न् बोट तशीच. बारा वर्षं कोणीतरी ती त्या पोराला शिकवली होती. राज उचलला गेला, आणि दोघे खाली आले.

आवाज आला तो मीही ऐकला. मल्हारी दर वर्षी कशाबद्दल बोलायचा ते मला तेव्हा कळलं.

पंच शिट्टी वाजवून म्हणाले, गडी बाद. पकड नियमातली होती. मुद्दाम पाडला का? लोक आजही कुजबुजतात. मी कुजबुजत नाही.

मी राजच्या जवळ जाऊन बसले. त्याचे डोळे उघडे होते. चेहऱ्यावर माती. “आई,” तो म्हणाला, “त्यांना सांग ना, पाय सोडा म्हणावं आता. मी बाद झालो.”

त्याचे पाय कोणी धरले नव्हते. दौलत केव्हाच उठून बाजूला उभा होता.

मागे गलका झाला. मल्हारीने मांडवाची लोखंडी पहार उपसली होती. तो दौलतकडे चालला होता, आणि त्याला अडवायला कोणी पुढे येत नव्हतं, आमचेही नाहीत, त्यांचेही नाहीत. खंडेराव खुर्चीवरून हलला नाही. दौलत जागचा हलला नाही. पोरगंच ते, राजच्याच वयाचं.

तेवढ्यात नवसाबाई घरातून आली. तिच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेलं काहीतरी होतं. ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली. तेव्हा मला समजलं. वाटा कमी नव्हताच. तो सकाळीच बाजूला काढून झाकून ठेवला होता.

“घे बाई,” ती म्हणाली. “पयला वाटा हाय.”

मी तिच्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं होतं.

“घे. मी ह्यांना पाठवत व्हते दर वर्सी. ह्ये म्हनायचे नको, मी डबा हातात द्यायची. आलेलं मटन एकदाबी शिजवलं नाय, नदीला सोडलं. पन घेतलं. घेतलं नसतं तर माझा धाकटा कवाच मेला असता नायतर कुनाला मारून बसला असता. ह्या वर्सी तुमी घेऊच दिलं नाय.” तिचा आवाज फुटला. “तुझा मालक बघ. पहार हाय त्याच्या हातात. तू घेतलं तरच खाली व्हईल.”

मल्हारी दौलतपुढे पोचला होता. पहार खांद्याच्या वर गेली होती.

मी राजच्या कपाळावरचा एक हात काढला आणि पुढे केला. तिने त्यावर वाटा ठेवला. सगळ्या मैदानाने बघितलं. पानांतून ऊब लागत होती, मल्हारी सांगायचा तशी. मी ओरडले, “अहो! मी घेतला. मी वाटा घेतला.”

पहार तशीच वर राहिली, किती वेळ कोण जाणे. मग ती मातीत पडली आणि मल्हारी तिच्याशेजारी बसला.

जीप नाशिककडे निघाली तेव्हा ऊन कललं होतं. चिमाजी पुढे बसून रडत होते. राजला मागच्या बाकावर आडवा ठेवला होता, डोकं माझ्या मांडीवर, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला तो पळसाचा पुडा. टाकून देता येत नव्हता. वाटेत टाकला तर घेतला नाही असं होतं. पिंपळगावच्या आधी राजने डोळे उघडले. त्याला पाण्याची तहान नव्हती, दुखतही नव्हतं. ते न दुखणंच मला सोसत नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, “मटणाचा वास येतोय.”

“हो.”

“पप्पा उगाच घाबरले मग. मिळाला ना आपल्याला वाटा?”

“मिळाला रे,” मी म्हटलं. “पहिला मिळाला.”